दोन बोटं

टायरच्या वर, पत्र्याच्या खाली
चार बोटं सहज जायची.
रोज कामावरून आलो की उकिडवा बसून
मी बोटं घालून बघायचो.
आई म्हणायची, ताप आलाय का गाडीला?

दोन हजार पाचची झेन. रंग चांदीचा, म्हणजे होता.
कुणीतरी हाक मारील म्हणून
टाचा उचलून उभ्या राहिलेल्या माणसासारखी.
मला ती बसलेली हवी होती,
पंगतीत बसतात तशी, मांडी घालून, रस्त्याला लागून.

जवळ नऊ हजार चारशे.
टॉवेलच्या कारखान्यातले दोन बोनस,
वजा आत्याचा चष्मा.

कुंभारीकडचा एक जण म्हणाला, आठशेत करतो.
ग्राइंडर मारायचा, स्प्रिंगचे दीड वेढे उडवायचे, झालं.
दुसरा म्हणाला, कापतोस कशाला,
गॅसची ज्योत धर, लाल झाली की आपोआप बसते.

बसते, दस्तगीरमामू म्हणाला,
पुन्हा उठत नाही.
अक्कलकोट रोडला लिंबाखाली त्याचं शेड.
खिळ्याला एक तुटकी स्प्रिंग टांगलेली,
वरचं टोक तिरकं, कापल्याची खूण अजून चमकणारी.
चाक खड्ड्यावरून लोंबलं, ही जागा सोडून निघाली.
चालवणारा पोरगा आता भावाच्या दुकानात गल्ल्यावर असतो.
बसूनच असतो.
पुढं मामू बोलला नाही. मीही विचारलं नाही.

घरी नायनांनी ऐकलं.
एकतीस वर्षं मागांवर जॉबर,
कानानं ताण ओळखणारा माणूस.
म्हणाले, मागाची स्प्रिंग मी कधी कापली नाही.
आखूड हवी तर आखूड बनवलेली आण.

मग तीन महिने थांबलो.
कोल्हापुरात कुणाची तरी शर्यतीची झेन भंगारात निघाली,
तिच्या चार स्प्रिंगा एसटीच्या पार्सलनं आल्या,
गोणपाटात, लग्नाच्या भांड्यांसारख्या वाजत.
पुढचे शॉकअप नवे घेतले, मागचे दाबून बघितले, ठीक होते.
मॅगव्हीलचं स्वप्न होतं,
ते तिथंच, नव्या पेठेतल्या काचेमागं राहिलं.

रविवारी सकाळी सात, ऊन चढायच्या आत.
मामूनं गाडी घोड्यांवर ठेवली आणि दोनदा हलवून बघितली.
नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मान घालायची नाही, बेटा.
एवढा भरवसा सासुरवाडीवरपण ठेवू नये.

मग ते आवळणं.
दोन आकडे, समोरासमोर,
इकडं चार आटे, तिकडं चार आटे,
मधे कुणी बोलायचं नाही.
दबलेली स्प्रिंग माझ्या दोन हातांत होती
आणि मला पहिल्यांदा कळलं
की गप्प बसलेल्या वस्तूला केवढा राग असतो.
तोंड बाजूला, मामू ओरडला.

ब्रेकचा पाइप कुठं घासत नाही ना ते बघितलं,
रबरी ठोकळे आखूड बसवले.
खालच्या बाजूचे बोल्ट मात्र ढिलेच ठेवले,
गाडी जमिनीवर टेकेपर्यंत.
हवेत आवळलेलं रबर, मामू म्हणाला,
जन्मभर पिळलेलं राहतं.
हे त्यानं गाडीबद्दल सांगितलं असणार.

अलाइनमेंट करून संध्याकाळी बाहेर काढली.
चौकातली पोरं हसली: एवढीच?
त्यांना बंपर रस्त्याला घासताना ठिणग्या हव्या होत्या.
स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात,
मी मोजला. डावीकडं दोन,
उजवीकडं दोनाला थोडी कमी, म्हणजे माझी बाजू,
शेंगाचटणी आणि भाकरी जास्त झाल्याची.

नायनांना होटगी रोडला फिरवून आणलं.
शाळेसमोरचा गतिरोधक मी तिरका घेतला, हळू, एकेक चाक.
ते डोळे मिटून बसलेले, मान किंचित कलती,
पूर्वी खात्यात बसायचे तशी.
घराजवळ आल्यावर म्हणाले,
आवाज नाही.
एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचं याहून जास्त कौतुक केलेलं
मला आठवत नाही.

आई पदराला हात पुसत बाहेर आली,
वाकली, टायरच्या वर बोटं घातली.
उतरला वाटतं ताप, म्हणाली,
आणि काळे झालेले माझे हात बघून
साबण आणायला आत गेली.